आयर्लंडमधली जुनी कोरीव थडगी: नाव वाचता यायला हवं की दगड राखायला हवा?

रानजाई

आम्ही उत्तर वेक्सफर्डमध्ये राहतो. गावाबाहेर एक पडकं चर्च आहे. छप्पर कधीच गेलंय, पूर्वेकडची भिंत तेवढी उभी आहे, आणि आत-बाहेर सगळीकडे थडगी. गावातल्या मंडळींनी तिथल्या एकेका दगडाची नोंद करायला घेतलीय: फोटो, मजकुराची नक्कल, नकाशावरची जागा. मीही त्यात आहे आणि सध्या डोक्यात दुसरं काही नाही.

त्यातला एक दगड तुमच्यापुढे ठेवते. करड्या-हिरवट पाटीच्या दगडाचा, माझ्या कमरेइतका उंच. वरच्या अर्ध्या भागात येशूला क्रूसावर चढवल्याचा देखावा आहे. क्रूसाच्या एका अंगाला सूर्य, दुसऱ्या अंगाला चंद्र, दोघांनाही डोळे-नाक-तोंड. शिडी, भाला, आणि दोन घोडेस्वार शिपाई. शिपायांच्या अंगावर गुडघ्यापर्यंत आलेले कोट आहेत आणि कोटांना बटणांची रांग आहे. म्हणजे रोमन शिपाई, पण कपडे अठराव्या शतकातले. खाली मजकूर. अक्षरं सरळ यावीत म्हणून पाथरवटाने आधी टोकदार अवजाराने मारलेल्या बारीक रेघा अजून दिसतात. शेवटच्या ओळीत जागा पुरली नाही, तेव्हा उरलेली दोन अक्षरं त्याने लहान करून शब्दाच्या डोक्यावर बसवलीत.

प्रश्न दोन. एक, हे असे कपडे का? दुसरा जास्त महत्त्वाचा. या दगडावर ज्यांची नावं आहेत त्यांचे वंशज याच भागात राहतात. त्यांना हा दगड जोरदार फवाऱ्याच्या यंत्राने धुऊन अक्षरांत काळा रंग भरायचाय, म्हणजे नावं लांबून वाचता येतील. माझा याला ठाम विरोध आहे. अडीचशे वर्षं टिकलेलं काम एका दुपारीत जाईल. पण पूर्वज त्यांचे आहेत, माझे नाहीत. बोला.

गारगोटी

फोटोशिवाय धागा? नियम मोडलात ताई :) टाका लवकर.

शिलालेखवेडा

वा, असा विषय इथे पहिल्यांदाच पाहतोय.

वर्णनावरून दगडाचं घराणं ओळखता येतं. उत्तर वेक्सफर्ड आणि दक्षिण विकलो या पट्ट्यात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फार चांगले पाथरवट होते, आणि त्यांत मोनासीडचा डेनिस कलन सगळ्यांत नावाजलेला. तो काही दगडांवर आपलं नाव आणि गाव कोरायचा, म्हणून आज आपण त्याला ओळखतो. मजकुराच्या कडेला किंवा तळाला सही आहे का बघा. फक्त गवत हाताने बाजूला करा, माती उकरू नका.

असे देखावे एका ठरावीक टापूत दाट सापडतात आणि मग विरळ होत जातात, कारण दगड जड. गाडीवर घालून किती लांब नेणार? पाथरवटाचं गाव मध्ये धरलं की त्याचं गिऱ्हाईक कुठवर पसरलं होतं ते नकाशावर दिसतं. गिऱ्हाईक म्हणजे जमीनदार नव्हेत. ते चर्चच्या आत संगमरवर लावायचे. हे दगड लावणारे म्हणजे कुळाने जमीन कसणारे पण हातात थोडा पैसा आलेले शेतकरी, गिरणीवाले, दुकानदार. त्याआधी सामान्य माणसाच्या थडग्यावर कोरलेला दगड ही गोष्टच दुर्मिळ होती. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून ते सुरू झालं आणि अठराव्यात बहरलं.

देखाव्याच्या वर किंवा खाली आय-एच-एस ही तीन अक्षरं असतीलच. येशूच्या ग्रीक नावाची ती सुरुवातीची अक्षरं. मधल्या अक्षराच्या आडव्या दांडीवर क्रूस, खाली हृदय, हृदयात तीन खिळे. आयरिश कॅथलिक थडग्यांवर हे इतकं नेहमीचं आहे की काही दिवसांनी त्याकडे लक्षच जात नाही.

आडवाट

कपड्यांचं कोडं मला अवघड वाटत नाही. मोनासीड म्हणजे इंग्रज सत्तेविरुद्धच्या १७९८ च्या उठावातला एक पुढारी माइल्स बर्न याचा परिसर. वेक्सफर्ड त्या वर्षी पेटलं होतं, जूनमध्ये व्हिनेगर हिलवर लढाई झाली, त्यानंतर किती लोक मारले गेले. ज्यांनी आपल्याला छळलं त्या सैनिकांचेच कोट येशूला मारणाऱ्यांच्या अंगावर चढवले. निषेधच आहे तो, दगडात कोरलेला.

शिलालेखवेडा

@आडवाट, कल्पना भारी आहे, पण तारखा आड येतात. असे कितीतरी दगड १७९८ च्या बरेच आधीचे आहेत, १७७० आणि १७८० च्या दशकांतले. आणि बायबलमधल्या माणसांना आपल्या काळाचे कपडे घालणं युरोपभरच्या चित्रकारांनी शतकानुशतकं केलंय. खेड्यातल्या पाथरवटाने रोमन शिपाई कुठे पाहिला असणार? त्याने रस्त्यावरून जाणारा शिपाई पाहिला आणि तो कोरला.

मात्र १७९८ नंतर दर रविवारी त्या दगडासमोरून जाणाऱ्या माणसाला तो कोट कसा दिसला असेल, हा वेगळा प्रश्न आहे. तिथे तुमचं म्हणणं मी खोडून काढणार नाही.

आडवाट

एवढं मान्य केलंत, पुरे. चहा माझ्याकडून.

कॉर्ककर

मी दुसऱ्या प्रश्नावर बोलतो आणि रानजाईंच्या विरुद्ध बोलतो.

बायको इथलीच. तिच्या माहेरचं थडगं वेस्ट कॉर्कमध्ये आहे. दर उन्हाळ्यात एक रविवार ठरलेला असतो, त्याला सिमेट्री संडे म्हणतात. त्या दिवशी फादर सगळ्या दफनभूमीवर प्रार्थना म्हणतात, थडग्यांवर पवित्र पाणी शिंपडतात, आणि डब्लिन-लंडनला गेलेली पोरंबाळंसुद्धा येतात. त्याआधीचे आठ दिवस सासूबाई तिथेच. बादली, ब्रश, नवी पांढरी खडी, फुलांच्या कुंड्या. आपल्या माणसांचं थडगं मळकट दिसणं म्हणजे गावात नाचक्की. शेजारचं थडगं कोणी साफ केलं नसेल तर तेही त्या करतात, कारण "त्यांचं आता इथे कोणी नाही".

दगड लावला कशासाठी? नाव राहावं म्हणून. नाव वाचता येत नसेल तर तो नुसता धोंडा. ज्यांची माणसं आहेत त्यांना धुऊ दे, रंगवू दे. वारसा-वारसा म्हणत त्यांच्याच आजोबांपासून त्यांना लांब ठेवायचं हे मला पटत नाही.

निशिगंध

कॉर्ककरांना अनुमोदन. थडगं म्हणजे वस्तुसंग्रहालय नाही.

देवराई

माझं काम दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं, म्हणून थोडं तांत्रिक.

सासूबाईंचं थडगं बहुतेक गेल्या साठ-सत्तर वर्षांतलं, पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचं असणार. त्यावर पाणी आणि मऊ ब्रश फिरवला तर काही बिघडत नाही. रानजाईंचा दगड वेगळा. पाटीचा दगड पापुद्र्यांचा बनलेला असतो. त्यावर कोरीव काम अतिशय बारीक होतं आणि अक्षर धारदार राहतं, म्हणून तर बटणं अजून मोजता येतात. पण कडेने पापुद्र्यांत पाणी शिरलेलं असतं. जोरदार फवारा मारला की अख्खा पापुद्रा सुटतो आणि त्याच्याबरोबर शिपाई, घोडा, नाव सगळं जातं. वालुकाश्माचं याहून वाईट, तो भुसभुशीत होऊन झडतो. चुनखडीचा दगड पावसाने हळूहळू विरघळतो, त्याचं वरचं कवच गेलं की वेग वाढतो.

तारेचा ब्रश, ब्लीच, ॲसिड, वाळूचा मारा यांतलं काहीही नको. वेल चढली असेल तर ओढून काढायची नाही. बुंध्याशी कापायची आणि वाळू द्यायची, कारण मुळं सांध्यांत शिरलेली असतात, ओढली की दगड पडतो. गवत कापायच्या दोरीच्या यंत्राने दगडाच्या पायाशी जेवढी नासधूस होते तेवढी पावसाने होत नाही. मी स्वतः पाहिलेल्या जुन्या आवारांत खालच्या ओळी त्यानेच गेल्यात.

काळ्या रंगाबद्दल: रंगवणारा माणूस त्याला जे वाचता आलं तेच रंगवतो. झिजलेला ३ त्याला ८ वाटला की तो कायमचा ८ होतो. पुढच्या पिढीला मग दगडावर खोटी तारीख मिळते, आणि ती ठळक अक्षरांत असल्यामुळे कोणी शंकाही घेत नाही.

कायद्याचंही आहे. इथली बहुतेक जुनी आवारं संरक्षित स्मारकांच्या नोंदीत आहेत. राष्ट्रीय स्मारकांच्या कायद्यातल्या १९९४ च्या दुरुस्तीनुसार तिथे काही काम करायचं तर दोन महिने आधी लेखी कळवायचं असतं. त्या कुटुंबाला हे कुणीतरी गोडीने सांगायला हवं.

गारगोटी

थडग्यांवर वाढतं ते दगडफूल खरवडून मसाल्यात घालतात का तिथे? गोडा मसाला आयरिश आवृत्ती :D

देवराई

@गारगोटी, हात लावू नका! एकेक ठिपका वाढायला कित्येक वर्षं लागतात, आणि खरवडताना दगडाचे कणही निघतात. मसाल्याला चुलतभावाकडून मागवा.

पाचूबंदर

मी वसईची, आमचं घराणं कॅथलिक. इथे द्रोहेडात नर्स आहे. हा धागा वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरस्थानात जी गर्दी होते, मेणबत्त्या, झेंडूच्या माळा, नावानिशी प्रार्थना, ती इथे आल्यावर मला कुठे दिसेल असं वाटलं होतं. इथे अख्खा नोव्हेंबर मृतांसाठी असतो. चर्चमध्ये पाकिटं ठेवतात, त्यांत आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहून द्यायची, महिनाभर ती वेदीपाशी राहतात. माणूस गेल्यावर महिन्याने त्याच्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, असते, मग वर्षाची, आणि पुढे दर वर्षी. छोटं कार्ड छापतात, फोटो आणि प्रार्थना, ते पाकिटात, प्रार्थनेच्या पुस्तकात, गाडीच्या काचेपाशी. माझ्या वॉर्डातल्या आज्यांच्या पर्समध्ये अशा कार्डांचा गठ्ठा असतो. एकेक काढून "ही माझी बहीण, हा शेजारचा" अशी ओळख करून देतात. मरणाबद्दल इतक्या सहज बोलणारी माणसं मी वसईनंतर इथेच पाहिली.

रानजाई, कधी द्रोहेडाला आलात तर सेंट पीटर्स या प्रोटेस्टंट चर्चच्या आवारात जा. आवाराच्या भिंतीत सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची एक शिळा बसवलीय, एडमंड गोल्डिंग आणि त्याची बायको एलिझाबेथ फ्लेमिंग यांची. दोघांचे कुजू लागलेले देह, कफनाची गाठ सुटलेली, जसेच्या तसे कोरलेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दचकले. रोज मृत्यू पाहणाऱ्या मला त्यात खोटं काही दिसलं नाही.

शिलालेखवेडा

पाचूबंदर, फार छान लिहिलंत. त्याच जातीची दुसरी समाधी वॉटरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये आहे, जेम्स राइसची. पंधराव्या शतकातला हा माणूस अकरा वेळा वॉटरफर्डचा नगराध्यक्ष झाला, आणि समाधीवर त्याने स्वतःचं कुजणारं शव कोरून घेतलं, अंगावर बेडूक आणि किडे फिरतायत. सोबत लॅटिन मजकूर: तू जो होशील तो मी आहे, तू जो आहेस तो मी होतो.

उत्तरेकडे मोनाहन-फर्मानाच्या बाजूला अठराव्या शतकातही हीच भाषा चालू होती. कवटी, आडवी हाडं, शवपेटी, वाळूचं घड्याळ, घंटा. अप्पर लॉक अर्नमधल्या गॅलून बेटावरचे दगड त्यासाठी प्रसिद्ध आहेत. दक्षिणेला देखावा क्रूसाचा, उत्तरेला हाडांचा. आयर्लंड या एकाच बेटावरचे, एकाच शतकातले पाथरवट.

आणि मला सगळ्यांत प्रिय दगड अथेनरायच्या मठातला, १६८२ चा. एका लोहाराच्या घराण्याचा. त्यावर भाता, ऐरण, सांडशी, नाल. माणूस काय करायचा ते थेट दगडावर. वाचता येत नसलेल्यालाही कळावं असं.

नाचणी

वाचतेय, वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: जन्म-मृत्यूच्या नोंदी सरकारात असतीलच ना? मग दगडावरच्या नावावर इतकं का अडलंय?

रानजाई

@नाचणी, प्रश्न अगदी योग्य आहे.

आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८६४ पासून. त्याआधीचं बघायचं तर जनगणना आणि चर्चच्या वह्या. १९२२ च्या जूनमध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात यादवी युद्धाची पहिली लढाई झाली आणि तिथलं सार्वजनिक अभिलेखागार जळालं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे काही तुकडे सोडले तर सगळं गेलं. तिथे जमा केलेल्या प्रोटेस्टंट चर्चच्या वह्याही जवळजवळ सगळ्या गेल्या. १८६१ ते १८९१ च्या जनगणना तर सरकारनेच नष्ट केल्या होत्या, त्यांतल्या शेवटच्या दोन पहिल्या महायुद्धात कागदाचा लगदा करण्यासाठी. देशभराची पूर्ण जनगणना हाती लागते ती थेट १९०१ ची. कॅथलिक वह्या गावोगावी राहिल्या म्हणून वाचल्या, पण खेड्यांत त्या बऱ्याचदा १८०० च्या पुढे-मागेच सुरू होतात, आणि दफनाची नोंद त्यांत क्वचितच.

म्हणून १७७० सालच्या शेतकऱ्याचं नाव जगात दुसरीकडे कुठेही नसेल, फक्त या दगडावर असेल. आणि इथले दगड भरभरून सांगतात. सुरुवात मेलेल्या माणसापासून होत नाही, दगड लावणाऱ्यापासून होते: अमक्या वाडीच्या तमक्याने, आपल्या वडिलांसाठी, आईसाठी, लहानपणी गेलेल्या चार मुलांसाठी हा दगड उभा केला. वाडीचं नाव असतं, आणि या देशात अशा वाड्या साठ हजारांहून जास्त आहेत, तेव्हा माणूस नेमका सापडतो. शिवाय बाईचं माहेरचं आडनाव "एलियस" असा शब्द घालून लिहिलेलं असतं. त्या एका शब्दाने दोन घराणी जोडली जातात. आमच्याकडे तर अमेरिकेतून एक बाई त्याच शब्दाच्या मागावर आल्या होत्या. दगडावर हात ठेवून उभ्या राहिल्या, कोणीच काही बोललं नाही.

आता विचार करा, त्या एका ओळीचा पापुद्रा उडाला तर?

कॉर्ककर

जळिताचं माहीत होतं, पण त्याचा दगडांशी संबंध असा कधी जोडला नव्हता. तरी माझा मुद्दा आहे तिथेच. वाचायला येत नाही म्हणून तर ते धुतायत!

आडवाट

मध्येच एक गोष्ट. थडगी पडक्या चर्चभोवतीच का? सोळाव्या शतकात राजसत्तेने धर्म बदलला, ती प्रोटेस्टंट झाली, तेव्हा जुनी चर्चेस आणि त्यांची आवारं प्रोटेस्टंट चर्चच्या ताब्यात गेली. बहुसंख्य लोक कॅथलिकच राहिले. त्यांनी प्रार्थना आडोशाला केली, पण मेल्यावर आजा-पणजा जिथे आहेत तिथेच जायचं हा हट्ट सोडला नाही. १६९७ च्या एका कायद्याने मोडलेल्या मठांच्या आवारात पुरायलाही बंदी घातली. लोक पुरतच राहिले.

पण थडग्यावर फादरने मोठ्याने प्रार्थना म्हणायची सोय नव्हती. १८२३ मध्ये डब्लिनच्या सेंट केव्हिन्सच्या आवारात एका अंत्यविधीला फादरना प्रार्थना म्हणताना अडवलं गेलं आणि मोठा गदारोळ झाला. १८२४ मध्ये कायदा झाला, तोही प्रोटेस्टंट धर्मगुरूची परवानगी घ्या असा. मग कॅथलिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या डॅनियल ओ'कॉनेलने पुढाकार घेऊन सगळ्या धर्मांसाठी खुली दफनभूमी उभारली, ग्लासनेव्हिन. १८३२ च्या फेब्रुवारीत तिथे पहिलं दफन झालं, अकरा वर्षांच्या एका मुलाचं.

मला त्या आधीच्या दगडांवरचा क्रूस म्हणूनच वेगळा वाटतो. आवार दुसऱ्याच्या हातात असताना, आपल्या श्रद्धेचं चिन्ह एवढं मोठं कोरून उभं करायचं. कपड्यांवरून मी हरलो असेन, पण निषेध शब्द मागे घेणार नाही.

शिलालेखवेडा

नको घेऊ. या बाजूने मलाही तो पटतो.

गारगोटी

ग्लासनेव्हिनच्या भिंतीला बुरूज आहेत ते पाहिलेत का कोणी? किल्लाच वाटतो.

आडवाट

अवांतर, पण सांगतो. ते प्रेतं चोरणाऱ्यांवर नजर ठेवायला. वैद्यकीय शाळांना चिरफाडीसाठी शवं हवी असायची, आणि ताजी थडगी रात्रीत उकरली जायची. डब्लिनची बुलीज एकर ही जुनी दफनभूमी त्यासाठी कुप्रसिद्ध होती. म्हणून उंच भिंती, बुरूज, रात्रीचे पहारेकरी.

मोगरा_जाई

इतकं सुंदर चाललंय, त्यात मी जड बोलणार आहे. क्षमस्व, पण बोलायला हवं.

ज्यांच्या वाट्याला दगडच आला नाही त्यांचं काय? स्किबरीनजवळच्या ॲबीस्ट्रूरीत १८४० च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षांतली आठ ते दहा हजार माणसं खड्ड्यांत आहेत, नावं नाहीत. बाप्तिस्मा होण्याआधी गेलेल्या बाळांना चर्चच्या आवारात जागा नसायची. त्यांच्यासाठी शेताच्या कडेला, ओढ्याकाठी, जुन्या गढीच्या आत वेगळी जागा असायची, तिला किलीन म्हणतात. बाप रात्री एकटा जाऊन पुरून यायचा, आणि खूण म्हणजे एखादा साधा धोंडा. आणि ट्यूम गावातलं, लग्नाशिवाय आई झालेल्या बायका आणि त्यांच्या बाळांचं वसतिगृह. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहास अभ्यासणाऱ्या बाईंनी एकेक दाखला मिळवून ७९६ मुलांची नावं काढली, ज्यांच्या दफनाची नोंद कुठेच नव्हती. २०१७ मध्ये चौकशी आयोगाने तिथे मानवी अवशेष असल्याचं जाहीर केलं आणि २०२५ च्या जुलैत उत्खनन सुरू झालं.

सूर्य-चंद्र कोरलेल्या दगडावर मीही तासभर थांबेन. पण त्याच गावातल्या किलीनची नोंदही तुमच्या वहीत व्हावी.

पाचूबंदर

मोगरा, क्षमा कशाची. आमच्या वॉर्डात एक आजी होत्या. साठ वर्षांपूर्वी गेलेल्या बाळाला कुठे ठेवलं हे नवऱ्याने त्यांना कधी सांगितलं नाही. शेवटी शेवटी तेच विचारत होत्या. आता बऱ्याच गावांत सिमेट्री संडेच्या आसपास फादर किलीनवरही जातात, लोक तिथे छोटी शिळा बसवतात. उशिरा का होईना.

रानजाई

@मोगरा_जाई, किलीन आमच्या यादीत नव्हती. पुढच्या बैठकीत मांडते. तिथे दगड मोजून भागणार नाही, म्हाताऱ्या माणसांना विचारावं लागेल. आमच्या कामात आवाजाच्या नोंदी घ्यायची पद्धत आहेच, त्यात हे आधी घ्यायला हवं, कारण माहीत असणारी माणसं नव्वदीत आहेत.

खडीसाखर

दगडावरच्या नावांवरून आठवलं, परक्या घराच्या दफनजागेत असलेलं आपलं माणूस. डॉ. आनंदीबाई जोशींच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला, अमेरिकेत त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनजागेत आहेत. दगडावर नाव, एम.डी., १८६५-१८८७, आणि शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री असा मजकूर. आयर्लंडशी संबंध नाही, पण सांगावंसं वाटलं. जाऊन आलेय, दगड स्वच्छ आणि वाचनीय आहे.

निशिगंध

आधी मी थडगं म्हणजे वस्तुसंग्रहालय नाही म्हटलं होतं. अजूनही तेच म्हणते, पण मग उपाय काय? कुटुंबाला "हात लावू नका" एवढंच सांगून भागणार नाही. त्यांना काहीतरी करायचंय आपल्या माणसांसाठी.

देवराई

उपाय आहे आणि फुकट आहे. उजेड.

झिजलेलं अक्षर समोरून दिसत नाही, कारण ऊन सरळ पडतं. बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटून उजेड टाकला की प्रत्येक खाचेत सावली भरते. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जा. दिवसा जायचं तर मोठा आरसा न्या, एकाने थोडं लांब उभं राहून ऊन दगडावर तिरकं पाडायचं, दुसऱ्याने फोटो काढायचे. दहा वर्षांत कोणी न वाचलेली ओळ दोन मिनिटांत वाचता येते. मोबाइलने चारी बाजूंनी भरपूर फोटो काढून त्यांचं त्रिमितीय प्रारूपही करता येतं, त्यात उजेड हवा तसा फिरवता येतो. पीठ, खडू, दाढीचा फेस असलं काही अक्षरांत भरू नका, जुन्या पुस्तकांत सांगितलं असलं तरी.

कॉर्ककर

सासूबाईंना हा धागा भाषांतर करून ऐकवला. त्यांचं म्हणणं असं: "माझ्या आईबापाचा दगड मी घासणारच. पण चर्चच्या भिंतीजवळचे ते जुने पाटीचे दगड आम्ही कधीच घासत नव्हतो, माझी आजी हात लावू द्यायची नाही." म्हणजे देवराई जे सांगतायत ते त्यांच्या आजीला माहीत होतं.

माझं मत तरी सांगतो. फवारा नको, हे पटलं. पण त्या कुटुंबाला नाव लांबून दिसायला हवंय ही इच्छा खरी आहे. जुन्या दगडाला न छेडता शेजारी छोटी नवी पाटी बसवता येत नाही का, मजकूर जसाच्या तसा लिहून?

देवराई

येते. खोदकाम असेल तर कळवून, परवानगी घेऊन. पाटी जुन्या दगडाला खिळ्याने ठोकायची नाही एवढंच.

रानजाई

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

कुटुंबातल्या आजोबांना आणि त्यांच्या नातीला अंधार पडल्यावर आवारात बोलावलं. नातीच्या हातात टॉर्च दिला आणि डावीकडून दगडाला टेकवून धरायला सांगितला. वडिलांचं नाव सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. त्याखाली आईचं नाव, एलियस, आणि तिचं माहेरचं आडनाव उमटलं, जे दिवसा तिथे आहे असं कुणालाही वाटलं नव्हतं. आजोबा म्हणाले ते आडनाव अजून पलीकडच्या वाडीत आहे, आणि त्यांच्याशी यांचं जमिनीवरून तीन पिढ्या वाकडं आहे. नात हसतच सुटली. फवाऱ्याचा विषय पुन्हा निघाला नाही. कॉर्ककरांची पाटीची कल्पना त्यांना आवडलीय, परवानगीचं पत्र मी लिहून देतेय.

शिलालेखवेडा, सही सापडली नाही. तळाची ओळ जमिनीत आहे आणि आम्ही उकरणार नाही. पण घोड्यांच्या आयाळीचं काम तुम्हाला दाखवायचंय, सूर्याच्या चेहऱ्याचंही. तिरक्या उजेडातले फोटो उद्या चढवते. दुसऱ्या कुणा पाथरवटाचा हात वाटतोय का ते सांगा.

गारगोटी

उद्या नक्की ना? आम्ही बसलोय इथेच.

शिलालेखवेडा

आयाळीचे फोटो शक्य तितके जवळून काढा, आणि शेजारी मोजपट्टी ठेवा. कलनच्या सहीच्या दगडांशी ताडून बघू.